बोडकीच्या उतारावरचे एकोणीस खळगे

हे नारायणा, हे धरणीधरा! आकाशातून पाहणारा तूच आणि मातीच्या पोटात दडून बसलेला तूच. तूच डोंगर रचलेस, तूच डोंगरात गारगोटीची गार घातलीस, आणि ती गार शोधायला माणसाला डोळा दिलास. डोळा तर सर्वांनाच दिलास, देवा. पण डोळ्यामागचे ध्यान तू मोजक्यांच्याच ओंजळीत टाकतोस. ज्यांच्या ओंजळीत ते पडले, त्यांची कथा सांगणे हीही तुझीच पूजा. म्हणून आधी तुला वंदन, गोदामाईला वंदन, आणि मग एका साध्या बाईचे नाव.

नवसाबाई लहानू काकड.

नाशिकमधील एका सर्वेक्षण कचेरीत या बाई ट्रेसर होत्या. अभियंत्याने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद अंथरायचा आणि शाईच्या लेखणीने रेषेवरून रेषा उतरवायची, हे ट्रेसरचे काम. नकाशावर सही साहेबांची असते, ट्रेसरचे नाव कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात असते. त्या मुंगीएवढ्या नावाची ही गोष्ट आहे, सज्जनहो, आणि ती मान ताठ करून सांगण्याजोगी आहे.

नवसाबाईंचे माहेर मखमलाबादचे. वडील काळू हे फुलमळा कसणारे. तीन अपत्ये देवाने नेल्यावर वणीच्या आईला नवस बोलून ही मुलगी झाली, म्हणून नाव नवसा. पहाटे फुले खुडायची, पाटीत भरायची, वडिलांबरोबर बाजारात पोचवायची आणि तिथूनच शाळेत जायचे, हा तिचा दिनक्रम. एका पौषात मळ्यातला झेंडू सुकायला लागला होता. पण बांधालगत एक गोल ठिगळ तेवढे हिरवेगार राहिले. नवसा आनंदाने तिकडे धावली. वडील मागून म्हणाले, "नवसे, वर काय बघती? खाली काय हाय ते इचार."

"खाली मातीच हाय की, दादा."

"माती हाय, पन खणलेली माती हाय. तुझ्या आज्यानं हितं खड्डा खणला व्हता, मंग बुजवला. खणून बुजवलेली माती भुसभुशीत. ती ओल लय दिस धरती. जमीन समदं सांगती पोरी, इचारणारा पायजे."

जमीन सांगते! केवढे हे वाक्य! शास्त्राच्या पोथ्या वाचलेल्यांनी जे जाड पुस्तकांत लिहिले, ते काळूने विडी विझवता विझवता सांगून टाकले. मुलीने ते मनाच्या कोनाड्यात जपून ठेवले.

पुढे नवसा मॅट्रिक झाली. अक्षर असे की फळ्यावरची सुवाच्य ओळ पुसायला मास्तरांचा हात धजत नसे. ट्रेसरचा अभ्यासक्रम केला, नोकरी लागली, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाळीवर जाणाऱ्या लहानू काकडांशी लग्न झाले. सासू धोंडाबाई. त्यांचाही हात फुलांतलाच. रोज संध्याकाळी ओसरीवर बसून त्या देवळांसाठी हार ओवत. सून कचेरीतून आली की चहा घेऊन सासूशेजारी सुईदोरा हाती धरी. दिवसभर शाईच्या रेषा आणि सांजेला फुलांच्या ओळी; असा तो प्रपंच सुखाने चालला होता.

आता मुख्य कथेकडे वळू. १९७७ सालचा श्रावण होता. सिन्नरच्या पूर्वेकडून एका कालव्याची आखणी चालली होती. त्या कामासाठी विमानातून टिपलेली छायाचित्रे कचेरीत आली. काळीपांढरी, वीतभर लांबीरुंदीची, आणि गोपनीय; कुलपातल्या कपाटातून सही करून घ्यायची, सही करून परत ठेवायची, कचेरीबाहेर न्यायची नाहीत. विमान पुढे सरकताना एकाच जमिनीची लागोपाठ दोन चित्रे घेतलेली असतात. ती शेजारी शेजारी ठेवून स्टिरिओस्कोप नावाच्या दोन भिंगांच्या यंत्रातून पाहिले की सपाट कागदातून डोंगर वर येतात, नाले खाली जातात, झाडे उभी राहतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा नवसाबाईंनी नकळत हात जोडले. "भाऊ, देवाला असंच दिसत असेल का हो?"

मुख्य आरेखक कोंडाजी आहेर टेबलापलीकडून म्हणाले, "देवाला कालवा काढायचा नसतो बाई. तुम्ही रेषा काढा."

कोंडाजीभाऊ वयाने वडीलधारे, हाताने निष्णात आणि जिभेने तिखट. त्यांनी समोर ठेवलेल्या नकाशावर बोडकी नावाच्या टेकडीभोवती तांबड्या शाईची चौकट होती. टेकडीवर झाड नाही म्हणून ती बोडकी. कालव्याच्या भरावाला लागणारा मुरूम तिथून काढायचा ठरला होता. दिवाळी झाली की यंत्रे लागणार, आणि सहा महिन्यांत बोडकीचे ते अंग खरवडून सपाट होणार.

नवसाबाईंनी त्या टेकडीची छायाचित्रे भिंगाखाली ठेवली आणि त्यांचा हात थांबला. टेकडीच्या पायथ्याच्या माळावर ठळक काळी ठिगळे होती. उतारावरही ठिपके होते, पण बारीक. छायाचित्रे जानेवारीतली, म्हणजे पौषातली. सगळे रान सुकलेले असताना ही ठिगळे काळी, म्हणजे हिरवी. हिरवी म्हणजे ओल. ओल म्हणजे...

"कोंडाजीभाऊ, इथं कोणी तरी खणलंय. फार जुनं. आता कोणाला ठाऊकही नसेल इतकं जुनं."

"कोणी खणलंय? पांडवांनी?"

"ते मला काय ठाऊक? पण खणलंय."

कोंडाजीभाऊ हसले, नवसाबाई हसल्या नाहीत. कॉलेजात इतिहास शिकवणारे प्राध्यापक सावळीराम गांगुर्डे त्यांच्याच वसाहतीशेजारी राहत. सुट्टीच्या दिवशी गोदेच्या काठाने फिरून दगडाची प्राचीन हत्यारे जमवणे हा त्यांचा छंद. नवसाबाईंनी त्यांना टेकडीचे नाव न सांगता विचारले. सर म्हणाले, "बाई, धातू येण्याआधी माणूस गारगोटीची पाती करायचा. आपल्या काळ्या पाषाणाला तशी धार येत नाही. गार हवी तर ती असेल तिथे खणायलाच हवी. पण अशी खाण आपल्या बाजूला मी तरी पाहिलेली नाही. सापडली, तर मोठी गोष्ट होईल."

नवसाबाईंनी रीतसर टिपण लिहिले. साहेबांनी, म्हणजे उपअभियंत्यांनी, ते दोनदा वाचले. माणूस न्यायी होता, पण तारखेला बांधलेला होता. त्यांनी एक दिवस दिला, एक जीप दिली, आणि प्राध्यापकांना सोबत न्यायची परवानगी दिली.

भाद्रपदातला तो दिवस. माळ चहूकडे हिरवा, त्यामुळे कागदावर दिसलेले ठिगळ जमिनीवर ओळखू येईना. नवसाबाईंनी नाल्याच्या वळणापासून पावले मोजून जागा काढली. मजुरांनी खणले. हात गेला, दीड हात गेला, कठीण मुरूम लागला. वरच्या थरात होती राख, थोडी खापरे, आणि लेंड्या. मेंढीच्या लेंड्या! दुसरी जागा खणली, तिथेही लेंड्या.

इतक्यात खांद्यावर घोंगडी टाकलेला एक मेंढपाळ काठी टेकत आला. त्याचे नाव झुंबर. त्याने खड्ड्यात डोकावून पाहिले आणि विचारले, "काय हरवलं बाई?"

"हरवलं नाही, दादा. शोधतोय. इथं पूर्वी कोणी खणलं होतं का?"

"खणायला कशाला? हितं माझी मेंढरं बसत्यात. माझ्या आज्याची बसायची. दरसाल मेंढवाडा हितंच. गवत बघा कसं माजलंय!"

मजूर हसले, जीपवाला हसला. प्राध्यापक गांगुर्डे घाम पुसत दुसरीकडे पाहू लागले. फुलमळ्यात जन्मलेल्या लेकीने खतच विसरावे! ज्या हातांनी लहानपणी झेंडूच्या बुडाशी लेंडीखत घातले, त्याच हातांनी लेंडीखताला खाण म्हणून कागदावर लिहिले होते. ओलीने गवत हिरवे राहते तसे खतानेही राहते, ही गोष्ट मळ्यातल्या पोराला पाळण्यात कळते. वडिलांचे एक वाक्य एवढे घट्ट धरले, की त्यांच्या मळ्यातला उकिरडाच नजरेआड झाला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत कोंडाजीभाऊंनी विचारले, "काय बाई, लेंड्या कशा निघाल्या? ओल्या की वाळलेल्या?"

"वाळलेल्या, भाऊ. ओल्या तुमच्या खुर्चीखाली ठेवल्यात."

सगळी कचेरी हसली. नवसाबाईही हसल्या, आणि मग पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर जाऊन त्यांनी डोळे पुसले. साहेबांनी बोलावून शांतपणे सांगितले, "नवसाबाई, तुम्ही मनापासून केलंत, मला ठाऊक आहे. पण आता लेखी काही देऊ नका. दिवाळीनंतर काम सुरू होईल."

दोन महिने उरले होते. लोकांच्या हसण्याचे दुःख काय, ते चार दिवसांत विरते. नवसाबाईंना जाळत होती ती वेगळीच शंका. मी माळावर चुकले, पण उतारावर? तिथे मी गेलेच नाही. तिथे खरोखर काही असेल आणि माझ्या एका चुकीपायी ते यंत्राखाली गेले, तर हजारो वर्षे जपलेली वस्तू माझ्याच हाताने मोडली असे होईल.

त्या संध्याकाळी ओसरीवर हार ओवताना सुनेची सुई अडखळत होती. धोंडाबाई म्हणाल्या, "नवसे, बोटात सुई जाईल. काय झालं ते बोल."

नवसाबाईंनी ठिकाणाचे नाव टाळून सगळे सांगितले. म्हातारीने ऐकून घेतले, एक गाठ मारली आणि विचारले, "आणि ते वरचे बारके ठिपके? ती पण मेंढरंच?"

"असतील, आत्याबाई."

"आगं, मेंढरं जिथं सपाट तिथं बसतील, वाटंल तशी. उतारावर रांग लावून बसत्यात व्हय? ते ठिपके कसे हायेत, विखुरल्याले का ओवल्याले?"

ओवल्याले! नवसाबाईंनी दोरा खाली ठेवला.

सकाळी कचेरी उघडताच त्यांनी सही करून ती छायाचित्रे घेतली. आता त्यांनी काळेपणाकडे पाहिले नाही, मांडणीकडे पाहिले. माळावरची ठिगळे आडवीतिडवी पसरली होती. उतारावरचे ठिपके मात्र एकाच उंचीवर, टेकडीच्या गळ्याभोवती हार घालावा तसे, एकापाठोपाठ एक होते. त्यांनी मोजले, एकोणीस. मेंढवाडे भिंगाखाली सपाट होते, हे एकोणीस मात्र, भिंगात खोली वाढूनच दिसते म्हणून, वाटीसारखे खोल दिसत होते. आणखी एक गोष्ट दिसली. प्रत्येक ठिपक्याच्या खालच्या अंगाला फिकट चंद्रकोर होती. एकही कोर वरच्या अंगाला नव्हती. खणणारा माणूस माती चढाला फेकत नाही, उताराला फेकतो. ते फेकलेले मातेरे अजून तिथे होते! आणि एकाच उंचीवर का? कारण काळ्या पाषाणाचे थर एकावर एक आडवे बसलेले, आणि दोन थरांच्या सांध्यात गारेचा पट्टा. गार जिथवर गेली, तिथवर माणूस खणत गेला.

त्यांनी कोंडाजीभाऊंना हाक मारली. भाऊ कुरकुरत आले, यंत्रावर वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

"बाई," शेवटी ते म्हणाले, "मेंढरांना फावडं चालवता येत नाही."

"नाही ना, भाऊ?"

"रविवारी किती वाजताची एसटी आहे सिन्नरची?"

पाहा, सज्जनहो, मनाचा मोठेपणा! ज्या जिभेने टोचले, तीच जीभ सोबत यायला तयार झाली. साहेबांना विचारले. ते म्हणाले, "जीप नाही, मजूर नाहीत. तुमच्या सुट्टीत जा, आणि जे दिसेल तेवढेच मला सांगा." प्राध्यापक गांगुर्डे दारातच म्हणाले, "मागच्या वेळी माझंही हसू झालंय, बाई. पण आलो नाही तर जन्मभर रुखरुख लागेल." धोंडाबाईंनी भाकरी, ठेचा आणि कांदे बांधले आणि स्वतःही एसटीत चढून बसल्या. "ठिपके ओळखले मी, आणि बघायचं तुम्ही?" असे म्हटल्यावर त्यांना उतरवणार कोण?

छायाचित्र बरोबर नव्हते. ते कपाटात कुलूपबंद होते. नवसाबाईंनी सगळी ओळ मनात उतरवून आणली होती. नाल्याचा फाटा, तिथून वर, पहिला खळगा, आठ पावले, दुसरा, मग दोन जवळजवळ, मग एक मोठी मोकळी जागा. उतार चढताना वाटेत तोच झुंबर भेटला.

"आता वर कुठं, बाई? वर माझी मेंढरं जात नाहीत."

नवसाबाई थबकल्या. "का जात नाहीत, दादा?"

"खुरांत टोचतंय. समदी बारीक खडी हाय, काचंवानी. एकदा चार मेंढरं लंगडी झाली, तवापास्नं मी तिकडं वळवत न्हाय."

प्राध्यापकांनी नवसाबाईंकडे पाहिले, नवसाबाईंनी प्राध्यापकांकडे. पुढची वाट कोणी चालले नाही, सगळे धावले. साठी उलटलेल्या धोंडाबाईसुद्धा.

गवतात खळगा होता. दुरून दिसणारही नाही असा उथळ, परातीसारखा. त्याच्या खालच्या काठावर, जिथे कागदावर फिकट कोर होती, तिथे गवताच्या बुडाशी दुधी, निळसर, पातळ पापुद्रे विखुरले होते. एक पापुद्रा धोंडाबाईंनी उचलला आणि त्याने कांदा कापून पाहिला. कांदा कापला गेला! "विळीपरास बरं हाय की!" म्हातारी म्हणाली. प्राध्यापक "अहो, अहो आजी, ते द्या इकडं!" म्हणत धावले.

सरांनी खळग्याच्या कडेला हातभर जागाच हलकेच उकरली. अधिक उकरणे त्यांना योग्य वाटले नाही. गारेचे तुकडे निघाले, त्यांच्यामध्ये मुठीएवढे तीन गुळगुळीत गोटे निघाले. ते गोटे बोडकीचे नव्हते. नदीत घासून गोल झालेले होते, कोणीतरी मैलोगणती वाहून आणलेले. त्यांची टोके ठोकून ठोकून खरबरीत झाली होती. सरांनी एक गोटा कोंडाजीभाऊंच्या तळहातावर ठेवला. भाऊंची बोटे आपोआप त्याभोवती मिटली. गोटा मुठीत नेमका बसला.

"हा हातोडा आहे," सर हळूच म्हणाले. "कोणाच्या तरी मुठीतला."

वाऱ्यात गवत हलत होते. नवसाबाईंनी खाली वाकून खळग्याच्या मातीला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.

मोठे म्हणून जे मन म्हणतात, ते पुढच्या घटनेत दिसते. परतताना सर उत्साहाने म्हणाले, "बाई, लिहा, प्राचीन खाण सापडली!" नवसाबाई म्हणाल्या, "सर, एकदा मी 'आहे' म्हणून लिहिलं आणि लेंड्या निघाल्या. खळगे एकोणीस आहेत, आपण एकाची कड उकरली. त्यांचं वय आपण मोजलेलं नाही. मी 'संभाव्य' असं लिहीन. पण ते संभाव्य असेपर्यंत तिथे यंत्र लागू नये, असंही लिहीन."

सोमवारी त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या. साहेबांनी गोट्यांची मोजमापे पाहिली, मग स्वतः यंत्रावर वाकून ठिपके मोजले. एकोणीसच आले.

"नवसाबाई, चौकट हलवायची तर मला वर उत्तर द्यावं लागेल. उद्या कोणी म्हणालं, पुन्हा मेंढरंच निघाली, तर?"

"तर माझं नाव पुढं करा, साहेब. नकाशाच्या कोपऱ्यात आहेच ते."

साहेबांनी तांबडी लेखणी उचलली आणि मुरुमाची चौकट बोडकीच्या पलीकडच्या अंगाला सरकवली. "मुरूम तिकडेही आहे," ते म्हणाले. "वाहतूक थोडी वाढेल, एवढंच. नवा नकाशा तुम्हीच उतरवा."

नवसाबाईंनी नकाशा उतरवला. एकोणीस बारीक वर्तुळे काढली आणि त्यांच्याशेजारी त्या फळा शोभवणाऱ्या अक्षरात लिहिले: 'संभाव्य प्रागैतिहासिक खाणकाम. उत्खनन करू नये.' शाई वाळेपर्यंत कोंडाजीभाऊ शेजारी उभे होते. मग ते कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पंचवीस वर्षं मी रेषा काढतोय. रेषेखालची जमीन वाचणारं माणूस आज पाहिलं."

दिवाळी झाली, यंत्रे आली, आणि बोडकीच्या पलीकडच्या अंगाला गेली. पुढच्या हिवाळ्यात सरांच्या ओळखीचे संशोधक आले, त्यांनी शास्त्रशुद्ध मोजणी केली, तुकडे नेले. वयाविषयी त्यांच्यात अजून मतभेद आहेत. विद्वानांचे मतभेद हे विद्येचे वैभवच. खळगे माणसाने गारेसाठी खणले, यावर मात्र दुमत नाही.

त्यानंतर गेल्या आठ वर्षांत छायाचित्रे पाहता पाहता नवसाबाईंनी आणखी तीन जागा दाखवल्या. एक खरी ठरली, एक अजून तपासायची आहे, आणि एक चुन्याची जुनी भट्टी निघाली. त्या भट्टीची नोंदही त्यांनी स्वतः, त्याच वळणदार अक्षरात केली: 'माझा अंदाज चुकला.' कचेरीत नवे ट्रेसर आले की त्यांना यंत्रावर बसवून बाई आधी बोडकीच्या माळावरचे मेंढवाडे दाखवतात, उतार नंतर. "आधी मी कुठे चुकले ते बघा," असे म्हणणारा गुरू ज्याला लाभला, त्याच्या भाग्याला काय म्हणावे! पदवी नाही, पदक नाही, वर्तमानपत्रात छायाचित्र नाही. पण आपल्याआधी हजारो वर्षे ज्यांनी या टेकडीवर घाम गाळला, त्या अनाम हातांची आठवण एका बाईने यंत्राच्या दातांपासून वाचवली. नाशिककरांनो, ही तुमची लेक आहे, ही तुमच्या अभिमानाची ठेव आहे.

हे नारायणा, एवढे मागणे ऐक. या माउलीच्या डोळ्यांचे तेज म्हातारपणातही मंद होऊ देऊ नकोस. लहानूरावांची पाळी सुखरूप सुटो, ते हसत घरी येवोत. धोंडाबाई शंभरी पाहोत आणि त्यांचा प्रश्न विचारण्याचा हक्क कोणी हिरावू नये. कला नावाची त्यांची लेक शिकून मोठी होवो. चूक झाली तर कबूल करण्याचे आणि खरे असेल तर ठाम उभे राहण्याचे आईचे बळ तिला लाभो. त्या घराची चूल विझू नये, त्या दारातून पाहुणा उपाशी परतू नये, त्या उंबऱ्यावर तुझी कृपादृष्टी अखंड राहो. काकडांच्या घराचे कल्याण होवो, कल्याण होवो!